पिवळ्या गटातली आठवी

साथ येऊन पाच महिने झाले होते. शाळा बंद, बागा बंद, पोरं घरात बसून भिंतींवर चढायची तेवढी बाकी होती. अशा दिवसांत मैदानावर मुलांचं उन्हाळी शिबिर घ्यायचं खेळाच्या बाईंच्या मनात आलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यातच काढलं. पण बाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. वय त्रेपन्न, राहायच्या एकट्या, अठ्ठावीस वर्षं एकाच शाळेत कवायत शिकवलेली. मैदानाच्या या टोकाला त्या 'सावधान' म्हणाल्या की त्या टोकाला सायकल धरून उभा असलेला दूधवालाही ताठ व्हायचा.

नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने शिबिरांसाठी अकरा पानांचं पत्रक काढलं होतं. बाईंनी ते पाठ होईपर्यंत वाचलं. सगळं उघड्यावर, छपराखाली काही नाही. आठ मुलांचा एक गट, आणि एका गटाने दुसऱ्यात मिसळायचं नाही. प्रत्येक गटाचा चेंडू वेगळा, दोऱ्या वेगळ्या, नळसुद्धा वेगळा. डबा खाताना एकमेकांकडे पाठ. सकाळी फाटकाशी प्रत्येकाचा ताप मोजायचा. त्या यंत्राला मुलं पिस्तूल म्हणायची आणि कपाळावर धरलं की दोघंतिघं हमखास मेल्याचं सोंग करून गवतावर पडायची. बाई रागवायच्या, पण मास्कच्या आत हसायच्या.

नऊ गट झाले, बहात्तर मुलं. पिवळा गट गाण्याच्या सरांकडे होता. सर बाईंच्याच शाळेतले, सडपातळ आणि मवाळ. मुलांनी लांब लांब उभं राहून गायचं कसं, हे त्यांनी मोठ्या कष्टाने बसवलं होतं.

त्या पिवळ्या गटात आठवी होती टिटवी. खरं नाव हजेरीत, पण तिला टिटवीच म्हणत, कारण नऊ वर्षांच्या त्या पोरीला हळू बोलता येत नव्हतं. ताप मोजला की आकडा साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडून सांगायची. तिची आई इस्पितळात नर्स, साथीच्या वॉर्डात. सगळे तिला सिस्टर म्हणत. सिस्टर सकाळी साडेसातला मुलीला फाटकाशी सोडायची, स्वतः चार हात लांब उभी राहायची आणि पिस्तुलाचा आकडा ऐकला की वळून ड्यूटीला जायची.

तिचे नियम बाईंच्याहून कडक होते. घरात शिरण्याआधी जिन्याखाली कपडे बदलायचे, आंघोळ करायची, मग मुलीशी बोलायचं. सिस्टरचे वडील समोरच्याच इमारतीत एका खोलीत राहायचे. निवृत्त बसचालक, दम्याचे. पाच महिन्यांत तिने मुलीला त्यांच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आजोबा आणि नात रस्त्याच्या दोन बाजूंच्या खिडक्यांतून गप्पा मारायचे. टिटवीचा आवाज त्यामुळेच एवढा चढला, असं सर गमतीने म्हणायचे.

शिबिराचे तीन आठवडे चांगले गेले. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला पालकांनी बाईंना फोनवरच्या सभेला बोलावलं. पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि बोलत होते ते विम्याच्या कचेरीतले साहेब, पिवळ्या गटातल्या एका मुलाचे वडील. माणूस सभ्य. आवाज चढवायचा नाही.

"बाई, आमचं त्या ताईंशी काही वैर नाही," ते म्हणाले. "उलट आदरच आहे. पण त्या दिवसभर त्याच रोग्यांत असतात आणि त्यांची मुलगी आमच्या मुलांत. तुम्हीच सांगा, बरोबर वाटतं का हे?"

"पत्रकात पान सहावर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या मुलांना वगळायचं कारण नाही. उघड्यावर, छोट्या गटात धोका फार कमी असतो. आणि ती बाई जेवढी काळजी घेते, तेवढी आपल्यापैकी कोणी घेत नाही."

"कागदावर सगळं ठीक असतं हो. उद्या काही झालं तर कागद येणार आहे का?"

मग एकेक जण बोलला. कोणाच्या घरी म्हातारी सासू, कोणाची बायको गरोदर. कोणीही दुष्ट नव्हतं. सगळ्यांना भीती वाटत होती, आणि भीतीला काय उत्तर द्यायचं ते अकरा पानांत कुठेच नव्हतं. शेवटी बावीस घरांनी सांगितलं की ती मुलगी येणार असेल तर आमची येणार नाहीत. बावीस मुलं गेली की गट मोडणार, आणि पुरेशी मुलं नाहीत म्हणून मैदानाची परवानगी जाणार, हे बाईंना ठाऊक होतं.

सभा संपल्यावर सरांनी फोन केला. "बाई, असं करू नका. तिच्या आईपाशी दुसरी सोय नाही."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, सर. वातावरण निवळलं की परत घेऊ."

"बरं," सर म्हणाले. ते कधीच दोनदा सांगत नसत.

दुसऱ्या दिवशी बाई फाटकाशी वाट बघत थांबल्या. नेमकं त्या दिवशी कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून त्या जरा वळल्या, आणि टिटवी ताप मोजून, आकडा ओरडून, आत पळालीही. बाईंनी सिस्टरला सगळं सांगितलं.

"मग हिला ठेवू कुठे?" तिने शेवटी विचारलं.

"घरी कोणी..."

"घरी मीच असते. आणि मी इथे उभी आहे."

बाई आत गेल्या, टिटवीचं दप्तर उचललं आणि पिवळ्या गटातून तिला हाक मारली. पोरगी दोरी टाकून धावत आली. तिचं दप्तर बाईंच्या हातात बघून थबकली.

"मला ताप आहे?"

"नाही गं बाळा."

"मग?"

"थोडे दिवस घरी राहायचं. मग परत यायचंच आहे."

उरलेली सात मुलं टक लावून बघत होती. सर वहीत डोकं खुपसून उभे होते. टिटवी गेली ती मान खाली घालून, आणि बाईंनी शिट्टी वाजवून कवायत सुरू केली.

सिस्टरने दोन दिवस रजा काढली. तिसऱ्या दिवशी रजा मिळेना. वॉर्डात आधीच चार जणी आजारी पडल्या होत्या. तेव्हा समोरच्या खिडकीतून आजोबाच म्हणाले, "आण इकडे पोरीला. सहा महिने होत आले, मांडीवर घेतलं नाही. मला काय होतंय?" सिस्टरपाशी दुसरा मार्ग नव्हता. जी खोली तिने एवढे दिवस डोळ्यांत तेल घालून जपली होती, तिच्यात तिने मुलीला स्वतःच्या हाताने सोडलं. एकच खोली, एकच खिडकी, आणि रस्त्यावरच्या धुळीने दमा उसळतो म्हणून तीही बंद.

त्यानंतर सतराव्या दिवशी सिस्टरला बारीक ताप आला. तपासणीत तिला रोग निघाला, टिटवीलाही निघाला. टिटवीला साधी शिंकही आली नव्हती. आजोबांना तोवर धाप लागली होती. त्यांना नेलं ते सिस्टरच्याच वॉर्डात, पण सिस्टर घरात कोंडलेली. तिची एक मैत्रीण आजोबांच्या कानाशी फोन धरून उभी राहायची. सहाव्या दिवशी ते गेले.

सरांनी हे औषधाच्या दुकानात ऐकलं आणि येऊन बाईंना सांगितलं. डबा खायची वेळ होती. बहात्तरातली एकाहत्तर मुलं एकमेकांकडे पाठ करून निमूट जेवत होती. बाईंनी सरांना विचारलं, "कुणाकडून लागलं, काही समजलं का?" आणि विचारता विचारता त्यांना कळलं की या प्रश्नाचं उत्तर सरांना माहीत आहे आणि त्यांनाही.

सिस्टरचे घरात कोंडलेले दिवस संपल्यावर बाई तिच्याकडे गेल्या. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराबाहेर एक बादली आणि साबण. सिस्टरने दार उघडलं. ती निम्मी झाली होती. आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून तिला पाठवा. दीड आठवडा अजून आहे."

"आता कोणी तक्रार करणार नाही?"

"करू देत. मी बघून घेईन."

"हे तेव्हा म्हणायचं होतं, बाई," सिस्टर म्हणाली. रागाने नव्हे. रोग्याला औषधाची वेळ सांगावी तसं.

तिच्या मागे खोलीच्या टोकाला, खिडकीपाशी टिटवी बसली होती. घरातही मास्क लावून. बाईंनी तिला हाक मारली. ती उठली, पण पुढे आली नाही.

"बाई," ती इतक्या हळू बोलली की बाईंना कान द्यावा लागला. "मला तेव्हाच झालं होतं ना?"

"कधी?"

"तुम्ही पाठवलंत तेव्हा. म्हणून पाठवलंत ना? तुम्हाला कळलं होतं. आणि मग मी आजोबांकडे गेले."

"नाही, नाही. तुला काही झालेलं नव्हतं. एकदम ठणठणीत होतीस तू."

"मग का पाठवलंत?"

अठ्ठावीस वर्षांत शेकडो मुलांच्या शेकडो प्रश्नांना बाईंनी उभ्या उभ्या उत्तरं दिली होती. "मी घाबरले," त्या म्हणाल्या. "लोक रागावले आणि मी घाबरले. चूक माझी आहे. तुझी अजिबात नाही."

मोठी माणसं खोटं कधी बोलतात ते मुलांना कळतं. खरं बोलतात ते त्यांना पटतंच असं नाही. "तुम्ही तर आजोबांकडे आलाच नव्हतात," टिटवी म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली.

"उद्या येशील ना मैदानावर?"

"नको. तिकडे मुलं आहेत."

त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्या पालकांना एक लांब संदेश लिहिला. काय झालं, का झालं, काहीही लपवलं नाही. मुलगी उघड्यावर आपल्यात होती तोवर सगळेच सुरक्षित होते. आपण तिला बंद खोलीत पाठवलं, असं स्पष्ट लिहिलं. उत्तरं अकरा आली. सहा जणांनी नुसते जोडलेले हात पाठवले. एका आईने लिहिलं, 'फार वाईट वाटलं. उद्या टोपी आणायची आहे का?' विम्याच्या साहेबांचं उत्तर सर्वांत मोठं होतं. त्यांना खरोखर दुःख झालं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'तरी आपला निर्णय त्या वेळी योग्यच होता, असं मला वाटतं. स्वतःला दोष देऊ नका.' बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

शिबिर ठरल्या दिवशी संपलं. दहा आठवड्यांत एकाही मुलाला लागण झाली नाही. नगरपालिकेच्या आरोग्य अधिकारी स्वतः मैदानावर आल्या, वह्या बघितल्या, नळ बघितले. म्हणाल्या, "बाई, असं शिबिर कुठे झालं नसेल. पुढच्या वर्षी बाकीच्यांना तुम्हीच शिकवायचं." त्यांनी हजेरी उघडली. पिवळ्या गटात आठव्या नावापुढे चौथ्या आठवड्यापासून आडवी रेघ होती. "ही सोडून गेली का?"

"मी काढली," बाई म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी मान डोलावली आणि पान उलटलं. गाण्याचे सर पलीकडे दोऱ्या गुंडाळत होते, त्यांनी हात थांबवला नाही.

सिस्टर पुन्हा ड्यूटीवर जाऊ लागली होती. टिटवी दिवसभर घरी एकटी. खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी एकदा दार वाजवून विचारपूस करायच्या. हे कळल्यावर बाई रोज तिथे जाऊ लागल्या. टिटवी दार उघडत नसे. मग बाई जिन्याच्या पायरीवर बसायच्या. आधी गोष्टी सांगून पाहिल्या, कोडी घालून पाहिली. मैदानावर घुमणारा तो आवाज त्या अरुंद जिन्यात त्यांनाच नकोसा झाला. पुढे पुढे त्या नुसत्या बसू लागल्या. निदान दाराबाहेर कोणीतरी मोठं माणूस आहे, एवढं तरी पोरीला ठाऊक असावं.

पाचव्या दिवशी दाराच्या फटीतून टिटवी बोलली. "बाई, तुम्ही घरी जा. तुम्हाला होईल."

इतक्या दिवसांनी ती बोलली, म्हणून बाईंना भरून आलं. विचार न करता त्या म्हणाल्या, "होऊ दे गं. मला झालं तर झालं."

आतून रडण्याचा आवाज आला, उशीत तोंड दाबून रडावं तसा. आपण काय बोलून बसलो ते बाईंना कळलं, पण तोवर उशीर झाला होता. त्यांनी दार वाजवलं, समजावलं, हाका मारल्या. "तसं नव्हतं म्हणायचं मला. ऐक ना, मला काही होणार नाही." पलीकडून पावलं दूर गेली आणि आतल्या खोलीचं दार लागलं.

सात वाजता सिस्टर आली. जिन्याखाली कपडे बदलून, ओल्या केसांनी वर चढली. पायरीवर बसलेल्या बाईंपासून चार हात लांब थांबली.

"बोलली का काही?"

"घरी जा म्हणाली."

सिस्टरने पिशवीतून किल्ली काढली. दिवसभराच्या मास्कचे वळ तिच्या गालांवर लाल उठले होते.

"मग जा ना, बाई," ती म्हणाली.

बाई कठड्याला धरून उठल्या, आणि सिस्टरला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. सिस्टर वर गेली. दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. बाईंनी थोडा वेळ कान दिला. आतून कोणाचाच आवाज येत नव्हता. मग त्या एकेक पायरी उतरत खाली आल्या आणि घरी गेल्या. त्या पुन्हा तिथे गेल्या नाहीत.