तक्रार निकाली

सालेकसाच्या दवाखान्यात रुचीच्या हाताला सलाईन लागली होती. एवढीशी पोर, हगवणीने डोळे पार खोल गेले होते. उशाशी बसलेल्या तिच्या आईचा, शामकलाचा फोन वाजला. मेसेज होता : 'आपल्या टोल्यावरील हातपंप दुरुस्त झाला आहे. तक्रार निकाली.'

शामकलाच्या अंगाची लाही लाही झाली. पंप बंद पडला त्याच दिवशी तिने ॲपवर तक्रार टाकली होती. तेव्हापासून सारा टोला, सारी वस्ती, बोडीचं म्हणजे लहानशा तळ्याचं पाणी पीत होती. त्या बोडीत म्हशी बसत. मेसेजखाली धो धो पाणी येणाऱ्या पंपाचा फोटो होता. पंप भलत्याच गावचा.

शेजारच्या जमुनाबाईला पोरीजवळ बसवून ती तडक दुरुस्तीच्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेली. सुपरवायझर हिमांशु खुर्चीत रेलून बसला होता.

"हा पंप कोनचा हाये?" तिने फोनवरचा फोटो पुढे धरला.

त्याने फोनकडे पाहिलंही नाही. "बाई, सिस्टम में क्लोज हो गया. आता नवीन तक्रार टाका."

"नवीन कायले? जुन्या पंपाले पानी आलं काय?"

"ॲपवर तर..."

"ॲप पेते काय पानी? माई पोरगी पेते!"

बाहेर त्याची जीप उभी होती. शामकला पुढच्या सीटवर जाऊन बसली. "चला. दाखवा मले दुरुस्त झालेला पंप."

त्याने विनवलं, मग पोलिसांची धमकी दिली.

"बोलवा पोलीस. त्याहीलेबी संगं घेऊ."

रस्त्यावर माणसं जमू लागली, तेव्हा त्याने मुकाट्याने जीप काढली.

टोल्यावर बायका गोळा झाल्या. "हापसा," शामकला म्हणाली. तो हापसत राहिला. शर्ट घामाने भिजला, पंप नुसता खडखडला. बायका जीपसमोर फतकल मारून बसल्या. तेव्हा कुठे त्याने मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीने पाइप वर ओढले, गंजलेला बदलला. दिवस कलता कलता पाणी आलं. आधी तांबडं, मग नितळ.

हिमांशुने घाम पुसला. "झालं ना बाई? अब गुस्सा कायको?"

"एका फोनाचं काम होतं," शामकला म्हणाली, "तर माई पोरगी तिथं काऊन पडली हाये?"

तिने बाटली भरली आणि पुन्हा जीपमध्ये बसली.

"सोड आता मले दवाखान्यात."

त्याने जीप वळवली. तिचा राग वाटभर तसाच धगधगत राहिला.