पानबघे आणि आम्ही दोघं

ऑक्टोबर लागला की आमच्या डोंगरात माणसांना वेड लागतं. आमच्या माणसांना नाही, पानगळीचे रंग बघायला बाहेरून येणाऱ्यांना. आम्ही त्यांना पानबघे म्हणतो. ऐन वळणावर गाडी थांबवतात, दारं सताड उघडी टाकतात आणि शेजारच्या मर्लच्या कुंपणावर चढून गाईंना सुद्धा 'जरा इकडे बघा' म्हणतात. एका गृहस्थाने तर मला विचारलं होतं, "रंग किती वाजता सुरू होतात?" मी म्हटलं, "नऊला. पण आज बटणवाला आलेला नाही." बिचारा खरंच घड्याळ बघायला लागला.

व्हरमाँटमध्ये जन्म काढलेल्या बाईला हे सगळं नवीन नाही. नवऱ्याला मात्र त्याच्यावर उपाय सापडला होता.

ऑरिन, म्हणजे माझा नवरा, आयुष्यभर शाळेची बस चालवत होता. या डोंगरातलं प्रत्येक वळण त्याच्या हातात होतं, म्हणून राजधानीतल्या पर्यटनाच्या कचेरीने त्यालाच विचारलं, दर बुधवारी आम्ही फोन करू, तुमच्याकडची पानं किती रंगली ते सांगाल का? मोबदला काही नाही, मान तेवढा. मग तो सांगेल ते दुसऱ्या दिवशी रेडिओवर जायचं आणि पानबघे त्याप्रमाणे गाड्या वळवायचे. खिडकीबाहेर अख्खा डोंगर लालभडक झालेला असायचा आणि हा फोनवर गंभीर आवाजात म्हणायचा, "छे हो, निम्मंसुद्धा नाही अजून. पुढच्या आठवड्यात बघू."

"लाज वाटत नाही?" मी म्हणायची. "रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून गातोस."

"मी खोटं कुठे बोलतो? मी फक्त जरा सावकाश मोजतो."

हे सगळं एका दिवसासाठी. गावाच्या वर एक तळं आहे. काठावर एक जुना मेपल, बाजूला पिवळे बर्च, मागे काळपट हिरवी सूचिपर्णी झाडं. तिथला रंग पुरता भरला की दोन-तीन दिवस टिकतो. मग एक वारा येतो आणि संपलं. ऑरिनला तो दिवस आदल्या संध्याकाळी कळायचा. मागच्या दारातून आत यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि म्हणायचा, "उद्या." की मी सफरचंदं सोलायला घ्यायची. मुलं लहान होती तेव्हा त्यांची शाळा बुडायची, आणि बसवालाच बुडवतोय म्हटल्यावर मास्तरीणबाई बोलणार काय!

वर गेल्यावर तेच. ॲपल पाय, चेडर चीज, थर्मासमधली कॉफी. मग तो पहिल्या पगारातून घेतलेला कॅमेरा बाहेर काढायचा आणि मला मेपलखाली पिटाळायचा. "जरा मागे. अजून मागे." मागे जाऊन जाऊन मी घेवड्याच्या दाण्याएवढी व्हायची.

"मग मला उभी तरी कशाला करतोस?"

"झाड केवढं आहे ते कळायला नको?"

थंडीत चर्चच्या तळघरात तो त्या फोटोंच्या स्लाइड्स दाखवायचा. दिवे मालवले की अंधारातून हमखास कुणीतरी म्हणायचं, "आली बघा आयडेला, मोजपट्टी!" सगळं गाव हसायचं. मी फणकारायची. पण आज ते फोटो काढून बसले की झाडाकडे लक्षच जात नाही माझं. कोटावरून वर्षं ओळखते. हा करड्या कोटातला, बटणं लागत नव्हती, पोटात धाकटी होती. हा आईच्या कोटातला, तिला नुकतंच पुरून आलो होतो. ह्यात कुत्रा मधून पळाला, नुसती शेपटी आलीय. त्या वेळी वाटायचं, दरवर्षी काय तेच तेच. आता वाटतं, त्या प्रत्येक दिवशी आपण किती सुखात होतो, आणि ॲपल पाय जरा करपला म्हणून मी तोंड फुगवून बसले होते.

मग ऑरिनचे डोळे गेले. म्हणजे मधून गेले. कडा शाबूत राहिल्या आणि मधलं सगळं पुसट होत गेलं. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं होतं, शेजारचं दिसतं. जेवताना म्हणायचा, "ताटाची कड दिसते, मधलं दिसत नाही. तू वाढशील ते आता विश्वासावर." मी हसायची आणि सिंककडे तोंड करून उभी राहायची. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता रंगही फिके पडत जातील. पुढच्या पानगळीला लाल आणि तपकिरी यांत फरक कळेल असं त्या काही सांगू शकत नव्हत्या.

 घरी येताना तो म्हणाला, "एकदा तळ्यावर जाऊ. रंग भरलेला असताना. बाकी मग काय व्हायचं ते होऊ दे."

एवढंच मागितलं त्याने. आयुष्यात या माणसाने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.

आता दिवस ओळखायचा मी. मी सोलायची बाई, ओळखायचं काम त्याचं. रोज सकाळी मागच्या दारात उभी राहून मी त्याला डोंगर सांगायची आणि तो वकिलासारखे उलट प्रश्न विचारायचा. "ओढ्याकडचे बर्च?" "पिवळे." "लिंबासारखे की लोण्यासारखे?" "लोण्यासारखे." "मग अजून आहे वेळ."

बुधवारी फोन वाजला. ऑरिनने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि कुजबुजला, "निम्मंही नाही म्हण."

तेच म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण समोर तो खुर्चीत बसला होता, तोंड खिडकीकडे, आणि खिडकीत अख्खा डोंगर पेटलेला. त्याला त्यातलं काही नीट दिसत नव्हतं. मला एकदम वाटलं, याला निदान ऐकू तरी दे. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. कचेरीतल्या त्या मुलीला मी सांगत सुटले. म्हटलं, अशी पानगळ कित्येक वर्षांत झालेली नाही. आमच्या तळ्यावरचा मेपल खालून केशरी आहे आणि वर जाता जाता असा लाल होतो की नजर काढवत नाही. बर्चची पानं पाण्यावर पडून तळ्याला पिवळी किनार आलीय. दूरच्या डोंगरावर सावली धावते तिथे जांभळं होतं आणि सावली सरकली की पुन्हा लाल. ती मुलगी मधेमधे "अगबाई, अगबाई" करत होती. ऑरिन तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

फोन ठेवला. 

"आयडेला," तो म्हणाला, "तळ्याचं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"रस्ता?"

"तिने विचारला म्हणून."

"संपलं," तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, "वर जाता जाता लाल होतो? खरंच?"

"खरंच."

"मग लोणी की लिंबू ते विचारायलाच नको. उद्याच नाहीतर परवा."

गुरुवारी पाऊस भुरभुरत होता, म्हणून शुक्रवार ठरला. तोवर माझं वर्णन रेडिओवर दोनदा वाचून झालं होतं. शुक्रवारी सकाळी आम्ही पिकअपमध्ये बसून निघालो तर चर्चपासून लाकडी पुलापर्यंत दोन्ही बाजूंनी गाड्या. न्यूयॉर्कच्या, न्यू जर्सीच्या, कुठकुठच्या पाट्या. पुलावर शेरीफचा पोलीस आडवा उभा. नवीन होता, ओळखीचा असता तर प्रश्न नव्हता.

"वरचा रस्ता बंद केलाय बाई. जागाच उरली नाही."

"अरे, आम्ही इथलेच आहोत."

"आज सकाळपासून सगळे इथलेच आहेत," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, नवऱ्याचे डोळे असे आहेत, रात्री वादळी वारा यायचाय, उद्या झाडावर पान राहणार नाही. त्याने टोपी काढली, वाईट वाटल्यासारखं केलं आणि गाडी मागे घ्यायची खूण केली. चूक त्याची नव्हती. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं. ऑरिन म्हणाला, "जाऊ दे, आयडेला. घरी चल. ॲपल पाय गरम आहे तोवर खाऊ." इतक्या सरळ आवाजात म्हणाला की मला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. घरापर्यंत मी रडत गाडी चालवली. तो समोर बघत होता, त्यामुळे मी रडताना त्याला कडेने स्वच्छ दिसत असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्या फाटकाशी मर्ल हातात फावडं घेऊन पानबघ्यांना कुंपणावरून उतरवत होता. मर्ल पन्नाशीचा आहे, पण लहानपणी ऑरिनच्या बसमधून शाळेत गेलेला, त्यामुळे आम्ही त्याला अजून मिस्टर आणि मिसेस टटल.

"या, या मिसेस टटल," तो म्हणाला. "रेडिओवर फार सुंदर बोललात. माझ्या तीन गाई ऐकून रस्त्यावर गेल्या." मग त्याने माझा चेहरा बघितला आणि फावडं खाली ठेवलं. "काय झालं?"

मी सांगितलं. तो ऑरिनकडे बघत राहिला.

"माझ्या मेपलच्या राईतून वाट आहे की," तो म्हणाला. "मार्चमध्ये पाकासाठी झाडांच्या रसाची पिंपं आणतो ती. तळ्याच्या मागच्या अंगाला निघते. पिकअप जायची नाही, ट्रॅक्टर जातो. गवताच्या ट्रॉलीत बसाल?"

"तू चालवणार?" ऑरिनने विचारलं.

"दुसरं कोण?"

"मग देवाचं नाव घेऊन बसतो."

असे आम्ही निघालो. दोन म्हातारी गवतावर, मांडीवर ॲपल पायचं भांडं, वर एक घोंगडी. ट्रॅक्टर असा उसळत होता की माझे दात वाजत होते.

"मर्ल, खड्डे चुकवतोयस की वेचतोयस?" ऑरिन ओरडला.

"तुमच्याच बसमध्ये शिकलोय, मिस्टर टटल!"

ऑरिन मोठ्याने हसला. उन्हाळ्यापासून असा हसला नव्हता. राईत वरून पानं आमच्या अंगावर पडत होती आणि तो त्यांचा वास घेत होता, ओल्या मातीचा आणि कुजक्या सफरचंदांचा, आणि सांगत होता, आता डावीकडे मोठा दगड येईल, आता उतार लागेल. सगळं बरोबर सांगत होता.

राई संपली आणि आम्ही तळ्यावरच्या आमच्या मेपलच्या पाठीमागे बाहेर पडलो. मर्ल ट्रॅक्टरपाशीच थांबला. पलीकडच्या काठावर ही गर्दी! तिपायांवर कॅमेरे, रंगीत टोप्या, एक लग्नाच्या पोशाखातली मुलगीसुद्धा. आमच्या काठावर मात्र कुणी नाही. पायवाट पलीकडूनच येते, आणि बूट चिखलात घालायची तयारी त्यांच्यातल्या कुणाची नव्हती.

"ओ आजी!" पाण्यावरून आवाज आला. "जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय!"

"मी इथे चाळीस वर्षं उभी आहे!" मी ओरडले. "तुम्हीच सरका!"

ऑरिनने कॅमेरा काढला. फिल्म मीच भरून दिली होती. मी सवयीने मेपलपाशी गेले, बुंध्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग खाली घेतला.

"यात काही नाही," तो म्हणाला. "मधे नुसतं धुकं."

 एवढं करून आणलं ते यासाठी? मी म्हटलं, "दे इकडे. तू झाडाखाली उभा राहा, मी काढते."

"नको. तू तिथेच थांब."

कॅमेरा त्याच्या छातीवर लोंबत होता. तो चार पावलं पुढे आला, उभा राहिला आणि मेपलच्या बुंध्याकडे टक लावून बघायला लागला. ऊन अगदी योग्य ठिकाणी आलं होतं. पानं अशी लाल झाली होती की माझ्या हातांवर, कोटावर तो लाल उजेड पडला होता. ऑरिनची नजर बुंध्यावरून हलत नव्हती. मला बरं वाटलं. म्हटलं, काहीतरी दिसतंय त्याला. निदान आजचा दिवस तरी त्याला मिळाला.

"दिसतोय का रे रंग?" मी विचारलं. "वरच्या फांद्या बघ. तिथे जास्त आहे."

"वर कशाला बघू?"

"अरे, झाड बघायला आलो ना आपण? बुंध्यात काय आहे?"

"बुंधाही दिसत नाही मला," तो म्हणाला. "हलू नकोस. झाडाकडे सरळ बघितलं की तू दिसतेस."

मी हलले नाही. पलीकडून पुन्हा कुणीतरी ओरडलं, ओरडू दिलं. ऊन त्या झाडावरून उतरेपर्यंत मी तशीच उभी राहिले आणि तो झाडाकडे बघत राहिला.