अपेक्षांच्या रकान्याची रुंदी

गुलमंडीवरच्या वधू-वर मंडळाची यादी उमामावशींनी रजिस्टरातून कॉम्प्युटरवर आणली, तेव्हा त्यांचं वय पन्नास होतं आणि गुरू यूट्यूब. नोटबुक नावाच्या त्या पानावर वर दोन ओळी कोड लिहायचा, की खाली स्थळं रांगेत उभी. तेच पान छापून त्या घरोघरी पाठवत.

'अपेक्षा' या रकान्यात मात्र जो तो तीन ठिपक्यांवर थांबलेला. मावशींना वाटायचं, घरंदाज माणसं. सगळं कशाला बोलून दाखवतील.

भाची मनस्विनीनं हिमांशूला त्यातूनच निवडलं. 'मुलीने नोकरी करायला आमची काहीच हरकत नाही...' वाचून तिचा जीव भांड्यात पडला होता. दोन भेटी झाल्या. आज संध्याकाळी होकार कळवायचा होता.

आणि दुपारी मावशींना एका व्हिडिओत कळलं, की ठिपके माणसांचे नव्हेत, यंत्राचे. ठरावीक अक्षरांपुढचं ते सरळ गिळतं. मर्यादा काढायला एक ओळ पुरते. मावशींनी ती लिहिली आणि रकाना जेवणानंतर नाडी सैल केल्यासारखा पसरला.

"मने, इकडं ये. आधी बस."

मनस्विनीनं वाचलं. '...हरकत नाही, फक्त निघण्याआधी दोन्ही वेळचा स्वयंपाक व आल्यावर सासूबाईंचे पाय चेपणे.'

"मावशी, पाय चेपायला कुठली डिग्री लागते गं?"

"आता तुझं वाच."

'स्वयंपाक येतो, माणसांची आवड आहे, मोठ्यांचा मान ठेवते...' इथवर छापलं गेलं होतं. पुढं होतं, '...पण हे सगळं एकटी करणार नाही. निम्मं नवऱ्यानं करावं.'

"म्हणजे त्यांनीपण अर्धंच वाचलंय."

"व्हय. दोन्हीकडं अर्धी अर्धी माणसं धाडली मी," मावशी म्हणाल्या. "नकार कळवू का?"

मनस्विनीनं दोन्ही ओळींचा फोटो काढला आणि हिमांशूला पाठवून दिला. मग दोघी कोथिंबीर निवडत बसल्या. मावशींनी पानं टाकून देठ ठेवले.

फोन वाजला. मनस्विनीनं तो स्पीकरवर टाकला.

"फॉर्म बाबांनी भरला होता," हिमांशू म्हणाला. "आईला दाखवला. ती म्हणते, माझे पाय आजवर कोणी चेपले नाहीत, हे कुठून काढलं? बाबा गच्चीवर जाऊन बसलेत."

"बसू द्या. तुमच्या अपेक्षा काय?"

"मला कोणी विचारलंच नाही. उद्या लिहून पाठवू?"

"आत्ता सांगा," मनस्विनी म्हणाली. "आणि 'फक्त'च्या पुढचं आधी."