निळ्या रेणूचा टिकाऊपणा

प्लॅटिनम महाग, म्हणून कोबाल्टचा निळा रेणू इलेक्ट्रोडवर चढवायचा आणि पाण्यातून ऑक्सिजन काढायचा, एवढंच अमरावतीच्या गोपाळकृष्ण सरांचं संशोधन. मात्र रेणू टिकतो हे त्यांनी प्रयोगाआधीच जाहीर करून टाकलं होतं. त्याबद्दलची शाल आणि श्रीफळ घेऊन झालं होतं. त्यांच्या विद्यार्थिनीच्या, म्हणजे दीपमालाच्या प्रबंधाचं शीर्षकही ‘टिकाऊ’ या विशेषणासकट मंजूर झालं होतं. आता टिकणं ही रेणूची जबाबदारी होती.

रेणू बेजबाबदार निघाला. इलेक्ट्रोड निळा आत जाई आणि तपकिरी होऊन बाहेर येई. दीपमाला तो डबीत घालून अकोल्याला जाऊन तपासून आली, कारण विभागातलं यंत्र उद्घाटनानंतर कोणी खराब करू नये म्हणून झाकून ठेवलं होतं.

“सर, रेणू तुटून जाते. मागं उरते ते कोबाल्टचं ऑक्साइड. ऑक्सिजन थेच काढून राहिलं.”

“करंट कमी झाला का?”

“नाही.”

“मग टिकला की!”

“सर, एखादा मानूस मेला अन् त्याच्या जागेवर दुसरा कामाले लागला, तर पयला जिता हाय म्हनाचं का?”

पुण्यात दोन वर्षं काढल्यापासून सर शुद्ध बोलत. रागात ती शुद्धता रेणूइतकीच टिके.

“तुले लय शानपना आला वं! प्रबंधातून काढ ते रेणू तुटल्याचं प्रकरण. नाईतर सही नाही. मंग बस तुह्या गावाले, तिवस्याले, भाकरी थापत!”

सहीशिवाय प्रबंध जमा होत नव्हता, आणि अकोल्याच्या एका कॉलेजातली नोकरी पदवीवर अडली होती. दीपमालानं आठवडाभर विचार केला. प्रकरण काढलं नाही. उलट इलेक्ट्रोडचे दोन रंगीत फोटो त्यात वाढवले, आधीचा निळा आणि नंतरचा तपकिरी. मग प्रबंध बांधून सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी थेट ऋणनिर्देशाचं पान काढलं आणि चष्मा पुसून सावकाश वाचलं.

“‘आदरणीय’ लिहिलंस. ‘परमपूज्य’ चाललं असतं. आमच्या घरच्या मॅडमचं नाव?”

“दुसऱ्या ओळीत हाय, सर.”

“छान. भाषा सुधारली तुझी.” सरांनी सही केली.

“सर, चौथं प्रकरण पाहून घेता का?”

“सगळं गाइडनंच वाचायचं, तर विद्यार्थ्यानं काय करायचं?” म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर प्रयोगशाळेतला तिचा सोबती धर्मेंद्र ताटकळत उभा होता. सही पाहून त्याचे डोळे मोठे झाले.

“दीपा, तोंडी परीक्षेत बोंब होईन ना बाप्पा!”

“होऊ दे. परीक्षक भायेरचे हायेत, ते वाचून येतीन. सरले बी त्याच दिवशी समजन, आपल्या हातून काय शोध लागला ते.”