जोडव्यासाठी तळ्यात

मनोरमा जाऊन आठ महिने झाले. ही गोष्ट ती आमच्या मुलीला, संपदाला, नेहमी माझी टिंगल करत सांगायची. आता मलाच सांगावी लागते.

नव्वद सालचा एप्रिल. संपदा पोटात होती, सातवा महिना. मनोरमाचे पाय इतके सुजले की उजव्या पायातलं जोडवं बोटात रुतलं आणि बोट काळंनिळं पडायला लागलं. डॉक्टर मृणालिनी म्हणाल्या, "रक्तदाब ठीक आहे, पण जोडवं कापा."

"नवरा असताना जोडवी कापायची नसतात," मनोरमा म्हणाली. "हे गेल्यावर बघू."

डॉक्टर हसल्या. "मग चार दिवस देते. रोज तासभर गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहा. पाण्याच्या दाबाने पायातलं पाणी वर छातीकडे सरकतं. हृदयाला वाटतं, शरीरात पाणी जास्त झालं. ते पाणी बाहेर टाकायला लावणारा हार्मोन सोडतं, पाणी धरून ठेवणारा हार्मोन कमी होतो आणि लघवीवाटे सूज उतरते."

"म्हणजे माझं हृदय फसणार?"

"तासभर."

"सवय आहे त्याला," माझ्याकडे बघत मनोरमा म्हणाली.

आम्ही राहायचो त्या पूनम सागर वसाहतीत टँकरचं पाणी यायचं, तेही घरटी दोन बादल्या. म्हणून रोज रिक्षाने जवळच्या पेणकरपाड्याच्या तळ्यावर जायचो. तिथल्या जिजाबाई तिचा हात धरून पाण्यात उभ्या राहायच्या. मी पायरीवर घड्याळ घेऊन बसायचो.

अर्ध्या तासातच मनोरमा झुडपामागे जाऊन यायची. मला वाटलं, अंगात पाणी मुरतंय. मी घरी तिचं प्यायचं पाणी निम्मं केलं.

जिजाबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ती काय भिजत घातलेली डाळ हाय? तिला पानी पिऊ द्या."

डॉक्टरही रागावल्या. मग मी तांब्या भरून सोबत न्यायला लागलो.

तिसऱ्या दिवशी बोटाचा रंग सुधारला. चौथ्या दिवशी ती पायरीवर आली, तेव्हा बोटात जोडवंच नव्हतं. सैल होऊन चिखलात गेलं होतं.

"कापलं असतं तर निदान तुकडे हातात राहिले असते," मी म्हणालो.

"मग शोधा की."

मी शर्ट काढून उतरलो. पायाने चिखल चाचपत राहिलो. मधे दोनदा मलाही झुडपामागे जावं लागलं. माझं घड्याळ मनोरमाच्या हातात होतं.

"पहिल्यांदा पस्तीस मिनिटांनी गेले, नंतर वीस," तिने जिजाबाईंना सांगितलं. "यांची सूज माझ्यापेक्षा लवकर उतरतेय."

जिजाबाईंनी पदराचा दोरा तोडून तिच्या बोटाला बांधला. नवं येईपर्यंत चालेल म्हणाल्या.

मी तरी शोधतच होतो.

"अहो, वर या आता," मनोरमा म्हणाली. "सोनाराचं दुकान बंद होईल. आणि रिक्षा नको, मी चालत येते."

महिनाभरात पहिल्यांदाच तिच्या पायात चप्पल शिरली.