अर्धा तास उजेड

“भिकाकाका, अंधारातल्यासुद्धा मेल्या हो!”

सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलताच संशोधक विद्यार्थिनी मृण्मयी म्हणाली, आणि भिकाच्या हातातली काचेची नळी बेसिनमध्ये पडून फुटली. नाशिकच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून एकतीस वर्षं काढली, पण नळी फुटायची ही पहिलीच वेळ.

मृण्मयीचा प्रयोग त्याला तोंडपाठ होता. मंजिष्ठेच्या मुळातून काढलेलं लाल द्रव्य कॅन्सरच्या पेशींवर घालायचं. नुसतं द्रव्य गरीब. उजेड पडला की मात्र पेशी मारतं. म्हणून निम्म्या डब्या दिव्याखाली ठेवायच्या, निम्म्या काळोखात. काळोखातल्या पेशी जगल्या तर औषध खरं, कारण मग रोग्याच्या अंगावर जिथे उजेड टाकू तेवढीच गाठ मरणार. ती मुळं त्र्यंबकच्या डोंगरातून भिकानेच खणून आणली होती. बायकोला, लंकाबाईला, तो ऐटीत सांगायचा, “ताईचं औषध हाय ते. निम्मं माझं बी.”

आणि काल त्यानेच त्या औषधाची माती केली होती. उघड्या डब्या अंधाऱ्या खोलीत ठेवून मृण्मयी तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली होती. तिन्हीसांजा झाल्या. निफाडकडच्या या माणसाचा हात त्या वेळी काळोखी खोली दिसली की आपोआप बटणाकडे जायचा. लक्ष्मी दारातून परत जाऊ नये. मजल्यावरचा एकेक दिवा लावून तो ट्यूबला हात जोडायचा. ही खोली तेवढी दोन वर्षं टाळत आला होता. ‘दिवा लावू नये’ ही पाटीही त्यानेच चिकटवलेली, पण सवयीला कुठे वाचता येतं? काल बटण दाबलं गेलंच. आठवण झाली तेव्हा अर्धा तास उलटला होता. धावत जाऊन त्याने दिवा मालवला. एवढ्याशा उजेडाने काय होतंय, अशी स्वतःची समजूत घातली.

दुपारी तो देवव्रत सरांकडे चहा घेऊन गेला. मृण्मयी त्यांच्यासमोर उभी होती.

“अंधारातल्याही मेल्या म्हणजे द्रव्य मुळातच विषारी,” सर म्हणाले. “तुझी फेलोशिप तीस तारखेला संपतेय. काही चूक झाली असेल तर सांग, त्या जोरावर मुदत मागता येईल. कुठे उजेड लागला होता का?”

“नाही सर. मी परत आले तेव्हा मिट्ट काळोख होता.”

“नक्की?”

“नक्की.”

शब्द भिकाच्या अगदी ओठांवर आला होता. पण निवृत्तीला चार महिने उरले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीला शेवटी डाग नको. त्याने बशीत सांडलेला चहा फडक्याने पुसला आणि तो बाहेर आला.

मृण्मयीने संशोधन सोडलं. चार महिन्यांनी निरोप समारंभात भिकाला शाल मिळाली, नारळ मिळाला, सरांनी भाषणात त्याला ‘इमानी’ म्हटलं. त्या शब्दाने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने लंकाबाईला सगळं सांगितलं.

“मग इथं काय बसलाय? जा की तिच्याकडं,” ती म्हणाली.

मृण्मयी आता अंबडच्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासायची. रविवारी तो तिच्या इंदिरानगरच्या घरी गेला आणि उभ्या उभ्याच बोलला.

“ताई, त्या दिशी दिवा मी लावला व्हता. अर्धा तास. मग इझवला, अन् बोललो नाय. लय चुकलं माझं.”

मान खाली घालून तो शिव्यांची वाट पाहत राहिला.

“कुठला दिवा?” तिने विचारलं. “वरची साधी ट्यूब?”

“हा. साधीच.”

“साध्या ट्यूबने? अर्ध्या तासात?” ती ताडकन उठली. “म्हणजे काम करत होतं ते! काका, आपलं औषध काम करत होतं!”

क्षणभर ती हसली. मग सावकाश खाली बसली. “आणि मला वाटत होतं, माझ्याच हाताला यश नाही.”

“मी सरांना लिहून देतो.”

“माझी जागा भरली काका. पेशीही टाकून दिल्या.” ती उठली. “बसा, पाणी आणते.”

आत नळ सुटल्याचा आवाज आला. तांब्या भरून वाहू लागला असेल, तरी नळ बंद झाला नाही. भिका खुर्चीच्या कडेवर बसून तो ऐकत राहिला.