दहा यार्ड आणि एक अंगठा

मित्रांनो, मी दहा यार्ड लांबीची एक जुनी साखळी आहे. निदान टॅमरिज गावात सगळे तसंच धरून चालत होते, आणि मीसुद्धा.

आज मी मैदानाच्या स्टँडखालच्या खोलीत एका खिळ्याला लटकते आहे. शेजारी चुन्याची पोती आहेत, हवा गेलेले चेंडू आहेत आणि उंदरांनी कुरतडलेली एक जाळी आहे. डोक्यावर लाकडी पायऱ्या. सामना असला की गावाचे बूट त्या पायऱ्यांवर आपटतात आणि फटींतून माझ्यावर धूळ पडते. गाव काय बोलतं ते मला सगळं ऐकू येतं. ते पूर्वीही ऐकू यायचं, पण तेव्हा मी उजेडात होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी तारेचे तुकडे वाकवून कड्या केल्या, त्यांची टोकं तापवून जोडली आणि वर जस्ताचा मुलामा दिला. दोन्ही टोकांना नारिंगी काठ्या लागल्या. एका माणसाने मला जमिनीवर ताणून पट्टीने मोजलं आणि मान हलवली. ती मान हलली आणि माझी परीक्षा कायमची संपली, असं जगाने ठरवून टाकलं.

माझं काम अगदी सरळ होतं. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर खेळ पुढे चालू, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. चेंडू पोचला की नाही हे नुसत्या नजरेने कळेना, की पंच मला मैदानात बोलावत. मी आत गेले की सगळं मैदान गप्प व्हायचं. लोक पंचाला शिव्या देत, प्रशिक्षकाला देत, ढगांना देत. मला कोणी कधी एक वाकडा शब्द बोललं नाही. मित्रांनो, तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मला दोघे धरत. मागची काठी ऑगी ब्रेननची आणि पुढची लेनी युर्कोनिसची. लेनी गावाच्या पाण्याच्या पंपावर कामाला होता. साखळी धरणाऱ्यांचा एक नियम असतो. गावचा संघ खेळत असला तरी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खेळाडूशी बोलायचं नाही. ऑगीला हा नियम जड जाई. लेनीला मात्र तो मापात शिवलेल्या कोटासारखा बसला होता. ऑगी म्हणायचा, "हा घरी गेल्यावरही कोट काढत नाही."

मग एका वर्षी लेनीचा मुलगा डेमियन गावच्या शाळेच्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढचं सगळं त्याने दोन श्वासांत ठरवायचं असतं. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून टॅमरिजमध्ये बोलायला फारसे विषय उरले नव्हते. हा एक विषय मिळाला आणि गावाने तो हाडासारखा चघळायला घेतला. पोरगा पुरेसा चांगला आहे की नाही?

साखळीच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत, बर्नी कोव्हाल बसायचा. तो गॅरेज चालवायचा आणि तरुणपणी स्वतः क्वार्टरबॅक होता. त्याच्या शेजारी शाळेच्या खानावळीतली व्हर्ना सोल्टिस, मांडीवर गरम बटाट्याच्या घावनांचा पुडा घेऊन.

"हात तोफेसारखा आहे, मान्य," बर्नी म्हणायचा. "पण तोफेला डोळे नसतात."

"त्याला वाचवायला पुढे उभे असलेले पाचही जण पत्त्यांसारखे पडतात. त्याने बघायचं कधी? तू फेकून दाखव."

"मी फेकलेत, बाई. याच मैदानावर."

"हो, आणि आपण हरलो होतो. मी इथेच बसले होते."

आजूबाजूचे हसले. बर्नीला हसणं परवडायचं, कारण त्याच्याकडे पुढचं वाक्य तयार असे. "या पोराला ठरवायला इतका वेळ लागतो, की लग्नात पाद्र्याने विचारल्यावर हा 'हो' म्हणेपर्यंत नवरी घरी जाऊन जेवून येईल. काय रे लेनी? तुझं काय मत? तू तर घरातला माणूस."

लेनी समोर बघत राहिला.

"साखळीवाले बोलत नाहीत, बर्नी," ऑगी म्हणाला.

"पोरगाही वेळेवर बोलत नाही. घराणंच तसं."

लेनीची बोटं काठीवर घट्ट झालेली मला जाणवली. पण त्याने मान वळवली नाही. एवढ्याशा जागेत उभं राहून माणसाला किती ऐकावं लागतं हे मी त्याच्याकडून शिकले.

ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात डेमियन चेंडू घेऊन कडेने धावत आला. तिघांनी त्याला एकदम धरलं आणि चौघेही सरळ आमच्यावर येऊन आदळले. ऑगी बाजूला उडाला. माझ्या दोन कड्या उघडल्या आणि मी तुटले. डेमियन माझ्यावरच पडला होता. बाप हाताच्या अंतरावर उभा होता. "लागलं का रे?" असं विचारायला त्याचं तोंड उघडलं, आणि नियम आठवून मिटलं. डेमियनने ते पाहिलं आणि स्वतःच उठला. तो सामना पाहुण्या संघाच्या उसन्या साखळीवर पार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेनीने मला आपल्या घरच्या गॅरेजमध्ये नेलं. तुटक्या कड्या काढून त्या जागी त्याने पंपावरची एक जाड कडी बसवली. डेमियन माझं दुसरं टोक धरून उभा होता. त्याच्या गालावर आदल्या दिवशीचं खरचटलेलं होतं.

"बाबा, तू रोज त्यांचं ऐकतोस. बर्नी आणि ते सगळे."

"ऐकू येतं."

"मग? मी पुरेसा चांगला आहे का?"

लेनीने कडी पक्कडीत दाबून बंद केली. "मी मोजतो, डेमियन. मत देणं माझं काम नाही."

"इथे मैदान नाहीये, बाबा."

"साखळी सांगेल ती खरी," लेनी म्हणाला. मला वाटतं, त्याला म्हणायचं होतं की बर्नीचं मनावर घेऊ नकोस. पण तोंडातून बाहेर आलं ते एवढंच. डेमियनने माझं टोक फरशीवर ठेवलं. टाकलं नाही, हळूच ठेवलं. मग तो घरात गेला.

मला पूर्ण ताणून पाहायला ते गॅरेज अपुरं होतं. शुक्रवारी मैदानावर पाहू, असं लेनी स्वतःशीच पुटपुटला. शुक्रवारी पंचांनी मला मैदानावरच्या दोन पांढऱ्या रेघांवर टाकून पाहिलंही. पण मित्रांनो, ती रेघ स्वतःच चार बोटं रुंद असते. चार बोटं रुंद रेघेने मोजलं तर अंगठाभर चूक कुठे दिसणार? पंच म्हणाले, ठीक आहे. नवी कडी जुन्या दोन कड्यांपेक्षा मोठी होती. मी अंगठाभर लांब झाले होते. त्या दिवशी हे मलाही कळलं नाही. आपली लांबी आतून कळत नाही.

शेवटचा सामना नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सकाळी होता, शेजारच्या खोऱ्यातल्या संघाशी. घरोघरी टर्की भट्टीत होती आणि गाव मैदानावर होतं. जमीन दगडासारखी गोठली होती. अशा थंडीत पोलाद आखडतं. मीही आखडले होते, पण तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतकीच. पंपावरच्या कडीने घातलेली भर भरून काढायला ते कुठून पुरणार?

त्या दिवशी एका लहानशा कॉलेजचा माणूस, डेमियनला आपल्या संघात घ्यायचं का हे ठरवायला, त्याला पाहायला आला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. बर्नीसुद्धा जरा जपून बोलत होता.

"आज बरा खेळतोय," तो म्हणाला.

"बरा?" व्हर्ना म्हणाली. "जीभ झडेल का तुझी 'चांगला' म्हटलंस तर?"

"सामना संपू दे. मग म्हणतो."

सामना संपत आला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. चौथा, शेवटचा प्रयत्न होता. डेमियनला चेंडू फेकायला कोणी मोकळं दिसलं नाही. या वेळी त्याने अजिबात वेळ घेतला नाही. चेंडू छातीशी धरून तो स्वतःच गर्दीत घुसला. माणसांचा ढीग पडला. ढीग उपसल्यावर तो सगळ्यांच्या खाली होता, चेंडू दोन्ही हातांत लांब पुढे धरलेला.

पंचांनी मला बोलावलं.

ऑगीने खूण म्हणून मला आधीच लावलेला चिमटा त्याच्या रेघेवर टेकवला. लेनीने पुढची काठी उचलली आणि मला ताणलं. डेमियन गुडघ्यांवर बसून बापाकडे बघत होता. चेंडूच्या टोकात आणि काठीत करंगळी मावेल एवढी फट राहिली होती.

लेनीने काठी नखभर कलती केली असती तर? पंचाची नजर चेंडूवर होती. पण काठी ओळंब्यासारखी सरळ राहिली. पंचाने दोन बोटांनी ती फट लोकांना दाखवली आणि हात दुसऱ्या दिशेला केला, म्हणजे चेंडू समोरच्यांना, आणि सामनाही.

स्टँडमधून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "बापानेच कापला." आणि कॉलेजचा माणूस कागदी पेला पायरीखाली ठेवून निघून गेला.

हिवाळाभर माझ्या डोक्यावरचं स्टँड रिकामं होतं. ऑगी कधी फावडं न्यायला, कधी पोती ठेवायला खोलीत येई आणि स्वतःशी बडबडे, त्यातून मला थोडं कळे. युर्कोनिसांच्या घरात भांडण झालं नाही. कोणी ओरडलं नाही. दोघे एकाच टेबलावर जेवत आणि मीठ मागत. जूनमध्ये शाळा संपली त्याच आठवड्यात डेमियन पश्चिमेकडे तेलविहिरींवर काम करायला निघून गेला.

ऑगस्टमध्ये गावकरी दरवर्षी मैदान आणि स्टँड रंगवतात. लेनी मोजायची पोलादी फीत घेऊन रेघा आखत होता. काम झाल्यावर त्याने मला बाहेर काढलं, गवतावर सरळ केलं आणि सहज फीत लावली. मग पुन्हा लावली. मग माझं टोक धरून तो खाली बसला. जाड कडीवर त्याने अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बर्नी आणि व्हर्ना हातात ब्रश घेऊन आले. लेनीने त्यांना फीत दाखवली. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"साखळी अंगठाभर लांब आहे. तो करंगळीने कमी पडला होता. म्हणजे पोचला होता. पुढे गेला होता."

बर्नी वाकला, त्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला. प्रामाणिक माणूस होता, त्याने आकडा नाकारला नाही. "असेल," तो म्हणाला. "पण लेनी, खरा चांगला क्वार्टरबॅक असता तर करंगळीवर वेळच आली नसती."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की या वादाला मी कधीच पुरी पडले नसते. मी बरोबर असते तरी.

व्हर्नाने ब्रश डब्यात ठेवला. "पोराला सांगितलंस?"

लेनीने तिथेच गवतावर बसून फोन लावला. माझा अर्धा भाग त्याच्या मांडीवर होता. पलीकडे यंत्रांची घरघर होती, मग डेमियनचा आवाज आला.

"तू पोचला होतास," लेनी म्हणाला. "त्या दिवशी. मी आज मोजलं. साखळी लांब होती, मीच ती कडी घातली होती. तू चांगला होतास, डेमियन. पुरेसा चांगला होतास."

पलीकडची घरघर जरा दूर गेली, डेमियन यंत्रांपासून बाजूला आला असावा.

"हे तुला मोजून कळलं, बाबा?"

आवाजात राग नव्हता. पलीकडून कोणीतरी डेमियनला हाक मारली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर लेनीने कधीच काठी धरली नाही. शाळेने नवी साखळी आणली. ती मैदानात जाते तेव्हा वर सगळं गप्प होतं, आणि मी अंधारात तीच शांतता ऐकते. नवा क्वार्टरबॅक आहे. त्याचा हात चांगला आहे, पण पाय जड आहेत, असं बर्नी म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी एखादं माप आलं, तर आधी ते माप मोजा. तुटकं जोडलंत तर जोडल्यावर पूर्ण ताणून बघा, आळस करू नका. आणि तुमचं कोणी माणूस दुसरं टोक धरून तुम्हाला विचारेल, मी पुरेसा आहे का, तेव्हा साखळी आणायला जाऊ नका. त्याने ते टोक खाली ठेवायच्या आत उत्तर द्या.